एकशे बाराव्या पानापर्यंत

६ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय दादा,

ऑगस्टमध्ये तुला पाठवलेल्या पत्रात एक चूक आहे. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं.

मी लिहिलं होतं की आईची तहान तुझ्या लग्नानंतरच्या आठवड्यात सुरू झाली. हे बरोबर नाही. तुझं लग्न फेब्रुवारीत झालं. काल नमुन्यांच्या फळीवरची धूळ पुसताना शाळेच्या वार्षिक अंकाची आपली प्रत हाताला लागली. तो अंक आपण जानेवारीत बांधला. त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर पाण्याच्या भांड्याचा गोल डाग आहे. शिलाईच्या टेबलावर पाणी ठेवायचं नाही हा आपल्याकडचा नियम कोणाचा, तुला ठाऊक आहे. लहानपणी मी तिथं पेला ठेवला म्हणून आईनं मला दिवसभर नुसत्या घड्या घालायला बसवलं होतं. त्याच आईनं जानेवारीत तिथं भांडं ठेवलं. म्हणजे तहान आधीची, वहिनी नंतरची.

एवढं दुरुस्त केलं म्हणजे वहिनीबद्दल बोलले ते सगळं मागं घेतलं असा अर्थ काढू नकोस. दुधात पांढरी पूड घालताना मी तिला तीनदा पाहिलंय. दाराकडे पाठ करून, चमचा भांड्याला लागू न देता ती ढवळत होती. विचारलं तर म्हणाली, "साखर गं." आपली साखर इतकी बारीक नसते. शिवाय ती वळल्यावर मी दूध चाखून पाहिलं, ते गोड नव्हतं. आणि आई तर रोज खंगत होती. म्हणून त्या दिवशी जेवायच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, मी म्हणाले की वहिनी आईला विष घालतेय. आठवड्याच्या आत तुम्ही दोघं घर सोडून गेलात. आज त्याला शंभर दिवस झाले. मी मोजलेत.

या शंभर दिवसांत वहिनीच्या हातचं काहीही आईच्या पोटात गेलेलं नाही, आणि आई बरी झालेली नाही. उलट जास्तच झालंय. सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याचे तीन जग संपतात आणि तेवढ्याच फेऱ्या मोरीकडे. मांड्यांची हाडं ठणकतात म्हणते. पोटात कळ आली की टेबलाची कड धरून उभी राहते आणि कोणी पाहिलं की टेबल पुसतेय असं दाखवते. मागच्या आठवड्यात तिनं चाळीस प्रतींत पाचव्या फर्म्यानंतर तिसरा शिवला, सोळा-सोळा पानं उलटसुलट. आईनं, दादा. छापखाना पानांचे आकडे टाकायला विसरला तरी नुसत्या मजकुरावरून फर्म्यांचा क्रम लावणाऱ्या बाईनं. मामानं सगळी शिलाई उसवली आणि एक शब्द बोलला नाही. तो बोलला नाही याचीच मला जास्त भीती वाटली.

वहिनीवर माझा संशय आहे तो आहेच. पण तो आता पुरा पडत नाही. हे मला कबूल करावं लागतंय, म्हणून लिहिलं.

तुझी,
धाकटी


१५ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

वहिनी नसेल तर कोण, हा विचार आठ दिवस केला. घरात आम्ही तिघंच: आई, मी आणि मामा. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ, बाबा गेल्यापासून आपलं कापायचं मशीन चालवणारा, मला खांद्यावर घेऊन फिरलेला. त्याच्यावर संशय घेताना माझी मलाच लाज वाटली, तरी घेतला. सकाळचा चहा तो करतो. चार दिवस मी आईच्या कपाचा वास घेतला, नंतरचे तीन दिवस गुपचूप कपांची अदलाबदल केली. आठव्या दिवशी मामानं स्वतःचा कप माझ्या नाकाखाली धरला.

"घे, हाही हुंग. तुझा पंचनामा पुरा होऊ दे, म्हणजे मला चहा गरम प्यायला मिळेल."

"मी काही हुंगत नव्हते."

"असं? मग सर्दी झाली असेल. आठ दिवस कपाकपाला नाक लावतेयस. ताई, या पोरीला पोलिसात घाल बाई. खळ लावण्यात वाया चाललीय."

आई हसली नाही. मामाच्या फालतूतल्या फालतू विनोदालाही ती पदराआड हसायची, आठवतं? तिनं दोन घोट घेतले आणि विचारलं, "आज कोणता वार?" मी सांगितलं. कप खाली ठेवताना तिनं पुन्हा तेच विचारलं.

मामावर नजर ठेवतानाच मी खळीकडेही वळले. कीड लागू नये म्हणून आपण खळीत मोरचूद घालतो, तेही विषच. आईच्या बोटांना कायम खळ असते, आणि सुईत ओवायच्या आधी ती दोऱ्याचं टोक ओठात धरते. तीस वर्षं हेच. सोमवारपासून मी मोरचूद बंद केलं. रोज सकाळी ताजी खळ शिजवते, उरली तर टाकून देते. मामा म्हणतो, पुठ्ठ्यांना वाळवी लागली की तिलाही वास घेऊनच पकड. आईची तब्येत जशीच्या तशी आहे. अर्थात चार दिवसांत तीस वर्षं निघत नाहीत, हेही मला कळतं.

तुला हे सगळं वेडेपणाचं वाटत असेल. म्हणून मुळात विषाचं माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगते. हे मी आधी कोणाला सांगितलेलं नाही.

मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळा पाहिली नाही, शिकले ती आईपाशी, शिलाईच्या टेबलाखाली बसून, खराब निघालेल्या फर्म्यांवर. छापखान्यातून जे वाया जायचं ते माझं पाठ्यपुस्तक. त्यामुळे कुठल्याही विषयाची मला एक तर सोळा पानं येतात, नाही तर काहीच नाही. नद्या कुठं उगम पावतात ते मला पाठ होतं. त्या कुठं जाऊन मिळतात ते पुढच्या फर्म्यात होतं आणि पुढचा फर्मा चांगला छापलेला असल्यामुळे गिऱ्हाईकाकडे गेला होता. तू मला "अर्धा फर्मा" म्हणायचास. मी रडायचे आणि आई तुला म्हणायची, "अर्धा का होईना, नीट वाचलाय तिनं."

ती सवय अजून आहे. मे महिन्यात परिचारिकांच्या अभ्यासाचं पुस्तक आपल्याकडे बांधायला आलं होतं. त्याचा सातवा फर्मा, पान सत्त्याण्णव ते एकशे बारा, शाई पसरून बिघडला. मी एक ठेवून घेतला. प्रकरण विषबाधेचं होतं. एकशे बाराव्या पानाच्या अगदी तळाशी लिहिलंय: "अति तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, पोटात कळा, हाडांत वेदना, थकवा, विस्मरण आणि उदासी ही लक्षणे एकाच व्यक्तीत दीर्घकाळ दिसल्यास मंद विषबाधेचा संशय घ्यावा."

मी मान वर केली तर समोर आई पाणी पीत होती. त्याच आठवड्यात मी वहिनीला दुधाशी पाहिलं. यात मी काही जोडलेलं नाही, घडलं त्या क्रमानं लिहिलंय.

आणखी एक. वहिनीची औषधाच्या दुकानातली नोकरी जुलैतच सुटली, असं मामाकडून कळलं. दुकानाचे मालक तापट आहेत म्हणे. त्या गोष्टीशी माझा काही संबंध नाही.

धाकटी


२२ ऑक्टोबर, गुरुवार

दादा,

माझं ६ तारखेचं पत्र परत आलं. पाकिटावर ठळक अक्षरात "परत पाठवावे" लिहिलंय.

पण ते न उघडता परत आलेलं नाही. वाफ देऊन उघडलंय आणि डिंकानं पुन्हा चिकटवलंय. काम वाईट नाही. फक्त उजव्या कोपऱ्यात डिंक कमी पडला आणि बारीकशी सुरकुती राहिली. तू चिकटवलं असतंस तर ती राहिली नसती. तुझा हात आईनं तयार केलाय. म्हणजे वहिनीनं उघडलं, वाचलं आणि परत लावून दिलं. तुझ्या हातात ते पडलं तरी का? मला वाटतं, माझी पत्रं तुला मिळतच नाहीत. तरीही याच पत्त्यावर पाठवतेय, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. तू राहतोस तिथल्या दारापर्यंत यायची माझी हिंमत नाही, हेही खरं.

आता आईचं. मंगळवारी दुपारी तिचं उजवं मनगट मोडलं.

पडली नाही, घसरली नाही. स्टुलावरून उठताना तिनं टेबलावर हात टेकून नुसता भार दिला. जाड पुठ्ठा घडीवर दुमडताना येतो तसा आवाज आला. मी प्रेसचा दांडा फिरवत होते, मला वाटलं माझ्याच हातून काही मोडलं. वळून पाहिलं तर आई मनगट छातीशी धरून उभी होती आणि म्हणत होती, "काही नाही, काही नाही, तू दांडा सोडू नकोस, दाब उतरेल."

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. तरुण आहेत, माझ्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठे. म्हणाले, "चोपन्न वर्षांच्या बाईचं हाड नुसतं टेकल्यानं मोडत नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि आईला विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"म्हणजे?" आई म्हणाली.

"तुम्ही दोघं जरा बाहेर बसता का?"

मामाला बाहेर येईपर्यंत कळलं नाही. कळल्यावर तो म्हणाला, "घे. आता आपला चहा हुंगतायत."

आम्ही दहा मिनिटं बाकावर बसलो. समोरून जाणारी परिचारिका माझ्या हातांकडे बघतेय असं मला वाटलं. मी हात मांडीवर ठेवले, मग पदराखाली घेतले, मग पदराखाली घेतलेले वाईट दिसतील म्हणून पुन्हा बाहेर काढले. मी काही केलेलं नाही, दादा. पण निर्दोष माणूस बाकावर कसा बसतो, ते मला काही केल्या आठवेना. वहिनी त्या दिवशी जेवायच्या टेबलाशी कशी बसली होती, ते मात्र आठवलं. ती माझ्याकडे नाही, आईकडे बघत होती. सगळा वेळ आईकडे.

डॉक्टरांनी नंतर आम्हाला आत घेतलं. आईला दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं, आणि रक्त तपासायला पाठवलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. कागदावर काय खरडलं ते मी उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न केला. पहिलाच शब्द लागला: कॅल्शियम. विषाच्या त्या सोळा पानांत हे नाव कुठंच नव्हतं.


३० ऑक्टोबर, शुक्रवार

दादा,

हे पत्र तू वाच. तुझ्याऐवजी आणखी कोणी वाचत असेल, तर त्यांनीही वाचावं.

आईला कोणी काही घातलेलं नाही.

रक्तात कॅल्शियम खूप जास्त निघालं. पुन्हा तपासलं, तरी तेवढंच. मग ग्रंथींच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पोक्त बाई आहेत, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी स्वतःच्याच गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. इथं थायरॉइड असते. तिच्या मागं तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तात कॅल्शियम किती राहायचं ते या चौघी ठरवतात. आईची खालची एक वाढलीय आणि तिला थांबणं माहीतच नाही. रक्तात पुरेसं असलं तरी ती आणखी मागत राहते आणि हाडांतलं काढून आणते. म्हणून हाडं ठिसूळ. जास्तीचं मूत्रपिंडातून बाहेर पडताना खडे होतात. तहान त्यानंच, लघवी त्यानंच, पोटातल्या कळा, मळमळ, थकवा, विसरणं, कारण नसताना रडू येणं, सगळं त्यानंच. "दोन-तीन वर्षं तरी चाललं असेल," बाई म्हणाल्या. "वय झालं म्हणून सगळे सोडून देतात."

"म्हणजे चोर माझ्या गळ्यातच बसलाय," आई म्हणाली.

"आणि आम्ही घरभर झडती घेतोय," मामा म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, ही त्याची दया.

मग बाईंनी विचारलं, "औषधं काय काय घेता?"

"काही नाही."

"कॅल्शियमच्या गोळ्या? शक्तीचं टॉनिक? एखादी पूड? आठवून सांगा, हे महत्त्वाचं आहे."

आई मोडलेल्या हाताच्या झोळीची गाठ चाचपत राहिली. मग म्हणाली, "पोट साफ होण्याची पूड घ्यायचे. मे-जूनमध्ये. सुनेकडून मागवली होती. ती औषधाच्या दुकानात होती ना."

"कशातून घेत होता?"

"दुधातून. तिलाच घालायला सांगितलं होतं, गुपचूप. आठ-आठ दिवस पोट साफ होत नाही, हे काय घरभर सांगत सुटायचं? पोरगा मोठा, पोरगी मोठी, भाऊ घरात."

"त्या पुडीनं काही बिघडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण दुकानात काम करणारी सून, तिनं तुम्हाला तपासून घ्या म्हटलं नाही?"

"रोज म्हणायची. मीच तिला शपथ घातली होती, कुणाला सांगशील तर बघ म्हणून."

माझ्या हातात एक्स-रेचं पाकीट होतं. ते पडलं वगैरे नाही. उगाच वाढवून लिहीत नाही. मामानं पायानं खुर्ची सरकवली आणि मी बसले. बाई पुढं बरंच बोलल्या. एक साधं ऑपरेशन, ती एकच ग्रंथी काढायची, बहुतेकांना त्यानं पूर्ण बरं वाटतं. मी सगळं लिहून घेतलं. माझ्या वहीत ते आहे, पण ऐकल्याचं मला आठवत नाही.


६ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा,

मागचं पत्र परत आलं नाही. त्यावरून मी काही ठरवत नाही.

आईला विचारायचं धैर्य व्हायला मला पाच दिवस लागले. बुधवारी सकाळी तिची वेणी घालत होते. एका हातानं तिला जमत नाही. पाठीमागे असलं की विचारणं सोपं जातं.

"आई, मी वहिनीला ते बोलले, तेव्हा तू तिथंच होतीस."

"हो."

"मग बोलली का नाहीस? एका वाक्याचं काम होतं."

"ओढू नकोस गं, दुखतं."

"मी ओढत नाहीये."

मी वेणीचे तीनही पेड घालून संपवले, उलगडले आणि पुन्हा घालायला घेतले.

"तू त्याला पत्रं लिहितेस ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मग लिही, आईला आठवलं नाही म्हणून. या आजारात विसरायला होतं. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं."

"पण आठवत होतं का?"

"आठवलं नाही असं लिही," आई म्हणाली.

तिनं सांगितलं ते मी लिहिलं. आता माझं लिहिते. खरं काय ते मला कळत नाही. त्या दिवसांत ती दिवसातून चारदा वार विचारत होती हे खरं. वहिनी सगळा वेळ तिच्याकडेच बघत होती आणि आई ताटातला भात बोटानं गोळा करत होती, हेही खरं. माझा संशय आता आईवर आलाय, आणि त्याला मी कुठल्या खळीत नि कुठल्या कपात शोधू? बाई म्हणाल्या, ऑपरेशननंतर हळूहळू डोकं हलकं होतं, आठवण सुधारते. घरात सगळ्यांना त्याचा आनंद झाला. तिला नीट आठवायला लागलं तर पहिलं काय आठवेल, याची मला भीती वाटते.

दुसरी गोष्ट. काल मी परिचारिकांच्या शाळेत गेले होते. ते पुस्तक आपणच बांधलेलं, म्हणून ग्रंथपालबाईंनी बसू दिलं. आठवा फर्मा काढला, पान एकशे तेरा. वरची पहिलीच ओळ अशी: "मात्र कोणावरही असा संशय घेण्यापूर्वी रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण अवश्य तपासावे, पॅराथायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय झाल्यासही हुबेहूब हीच लक्षणे दिसतात." पुढं दीड पान आईबद्दलच आहे म्हण ना. मनगटसुद्धा.

मी ग्रंथपालबाईंना म्हणाले, "आमच्याकडे हे पान खराब झालं नव्हतं."

"मग चांगलंच आहे की," त्या म्हणाल्या.

त्यांना काय कळणार. मे महिन्यात ज्या दिवशी मी सातवा फर्मा वाचला, त्या दिवशी आठव्या फर्म्याच्या चारशे प्रती माझ्या डाव्या हाताशी रचलेल्या होत्या. त्यावर मी कोपर टेकलं होतं. फर्मा संपला म्हणजे प्रकरण संपत नाही हे आपल्या घरात चौथ्या वर्षी कळतं, तुला आणि मला तरी. मला पुढचं पान मिळालं नाही असं नाही. मला ते नको होतं. तू लग्न करून आणलेल्या बाईशी आई स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायची आणि मी आत गेले की दोघी थांबायच्या. एकशे बाराव्या पानानं मला त्याचं कारण दिलं. मी तिथंच थांबले.


१४ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय दादा आणि वहिनी,

वहिनी, पाकीट तूच उघडतेस असं धरून तुझंही नाव वर घातलंय. चूक असेल तर ती माझ्या चुकांत धर, तिथं जागा आहे.

माझ्या १५ ऑक्टोबरच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. आजवर दुरुस्त केलं ते चुकलेलं होतं. हे चुकलेलं नाही, मी जाणूनबुजून लिहिलेलं खोटं आहे. वहिनीच्या नोकरीशी माझा संबंध आहे. ती माझ्यामुळे गेली.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, २९ जूनला, मी दुकानाच्या मालकांना पत्र लिहिलं. डाव्या हातानं, मोठ्या अक्षरांत. तुमच्या दुकानातली बाई पांढरी पूड घरी नेते आणि आजारी माणसाच्या दुधात घालते, तुमच्या दुकानाचं नाव जाण्याआधी बघा, असं. खाली लिहिलं, "एक हितचिंतक". सही केली नाही. मग टपालपेटीत टाकून घरी आले, हात धुतले आणि आईला जेवायला वाढलं. त्या दिवशी मला फार शांत वाटलं होतं, ते लपवून ठेवण्यात आता अर्थ नाही.

मालकांनी चौकशी केली असती तर पुडीचं बिल आणि नाव निघालं असतं. त्यांनी ती केली नाही, आठ दिवसांनी वहिनीला नको म्हणाले. कारण सांगितलं की नाही मला माहीत नाही. जुलैत मी तीनदा त्या रस्त्यानं गेले. गल्ल्याजवळ दुसरी बाई होती. तिसऱ्या वेळी मी सर्दीची गोळी घेतली, घरी आणून फेकून दिली.

पत्र ज्या कागदावर लिहिलं तो पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवायचा आपला पिवळसर जाड कागद होता. हाताशी तोच होता. दादा, मालकांनी तो वहिनीला दाखवला असेल आणि वहिनीनं तुला, तर तू तो लांबून ओळखला असशील. म्हणून उत्तर येत नाही का? इतके दिवस मला वाटत होतं की माझी पत्रं तुझ्यापर्यंत पोचत नाहीत. काल पहिल्यांदा वाटलं की सगळी पोचतायत. मी हे कधी लिहिते त्याचीच तुम्ही दोघं वाट बघताय.

आईचं ऑपरेशन मंगळवारी, २४ नोव्हेंबरला ठरलंय. गळ्याच्या तपासणीत ती ग्रंथी स्पष्ट दिसली, डावीकडची, खालची. आदल्या दिवशी संध्याकाळी तिला दाखल करायचं. सही मामा करणार होता, पण आईनं कागद स्वतःकडे घेतला आणि डाव्या हातानं केली. वाकडीतिकडी आली. "चालेल?" तिनं विचारलं. परिचारिका म्हणाली, "तुमचीच आहे ना, मग चालेल." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

काल आई मला म्हणाली, "ती येईल का गं बघायला?" कोण ते बोलली नाही. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मी तिला शपथ घातली होती. तिनं पाळली." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती बोलली ते एवढंच. आठवण नव्हती की होती, यावर ती पुढं काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

तुम्ही या असं म्हणायचा मला हक्क नाही. आईला तो आहे, तिचा निरोप वर लिहिला तोच.

माझं काम वेगळं आहे. त्या दुकानाच्या गल्ल्यासमोर उभं राहून, गिऱ्हाईक असेल तर गिऱ्हाईकासमोर, ते पत्र मी लिहिलं असं सांगायचं. माझं नाव घालून, उजव्या हातानं लिहिलेलं नवीन पत्र मालकांच्या हातात द्यायचं. आईच्या रिपोर्टची नक्कल आणि पुडीबद्दल बाईंनी लिहून दिलेल्या दोन ओळी त्याला जोडल्यात. वहिनीला परत घ्या असं मी म्हणणार नाही. तिला तिथं जायचंय की नाही हे मी कोण ठरवणार. ती निर्दोष होती आणि मी खोटी होते, एवढंच. मालक ओरडतील, ओरडू देत. मामा बरोबर येतो म्हणाला. मी नको म्हटलं. तो असला की काहीतरी विनोद करील आणि लोक मला सोडून देतील.

मामाचं म्हणणं, ऑपरेशन होऊ दे, आई घरी येऊ दे, मग जा निवांत. मी त्यावर विचार केला. ऑपरेशन नीट झालं तर घरात सगळ्यांना आनंद होईल, आणि आनंदात मी आणखी आठ दिवस पुढं ढकलीन, मग आणखी आठ. काही बिघडलं तर सगळे मला सांभाळून घेतील, आणि त्यात हे बोलायचं राहून जाईल. दोन्हीकडे मला लपायला जागा आहे, आणि ती जागा मी शोधीन. माझ्याबद्दल मला एवढी खात्री आहे. म्हणून ऑपरेशनच्या आधी, आईला दाखल करायच्याही आधी. तोवर हे पत्र तुमच्या हातात पडलेलं असेल, आणि दुकान साडेनऊला उघडतं.

सोमवारी, २३ नोव्हेंबरला, सकाळी साडेनऊ वाजता.